युद्धाची टवाळी लिहायचीय? आधी नियम लिहा, हिरो नंतर

पुण्यात एकांकिकांचा सीझन आला की कुणीतरी युद्धावर विनोदी लिहायला घेतंच, आणि हमखास तेच होतं, वेंधळा शिपाई, ओरडणारा मेजर, रायफल उलटी धरायची, हशा, ब्लॅकआउट. हे प्रहसन झालं, सटायर नाही. मेजरही मूर्ख आणि शिपाईही मूर्ख, मग बोचणार कुणाला?

म्हणून पहिलं काम, वेडेपणा माणसांना देऊ नका, कागदाला द्या. जोसेफ हेलरच्या 'कॅच-22'मध्ये (1961, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानदळावरची कादंबरी) एक डॉक्टर आहे, डनीका. विमानात बसायची भीती, पण उड्डाणाचा भत्ता तर हवा, म्हणून नुसतं नाव एका विमानाच्या यादीत घालून घेतो. ते विमान कोसळतं. झालं, डॉक्टर मेला. तो तिथेच उभा राहून सांगतोय अरे मी जिवंत आहे, पण यादीत मेलाय ना, विषय संपला, तिकडे बायकोला विम्याचे पैसेसुद्धा मिळतात. दर नोव्हेंबरला स्वतः काउंटरसमोर उभं राहून हयातीचा दाखला देणाऱ्या पेन्शनर काकांना हा सीन समजावून सांगावा लागणार नाही.

आता तुमचा नियम बनवा. टेस्ट एकच, प्रत्येक कलम सुटं वाचलं तर शहाणं वाटलं पाहिजे. उदाहरणार्थ, नवे बूट हवे असतील तर जुना जोड जमा करा. बरोबरच आहे, नाहीतर लोक बूट विकून खातील. आता सुरुंगात उजवा पाय गेलेला शिपाई स्टोअरमध्ये आणा. स्टोअरकीपर वाईट माणूस नाही हं, चहा पाजतो, विचारपूस करतो आणि मग लिहितो, "सदर शिपायाने उजवा बूट विहित मुदतीत जमा न केल्याने त्याची किंमत पगारातून वळती करण्यात येत आहे." इथे कुणालाही हसवू नका, डोळा मारू नका, ती सरकारी मराठी तशीच सपाट राहू द्या.

हिरोवर वेळ घालवा, कारण बहुतेक स्क्रिप्ट इथेच झोपतात. त्याला भाषण देऊ नका प्लीज. तो गांधीवादी नाही, क्रांतिकारक नाही, त्याला फक्त मरायचं नाहीये, आणि एवढी साधी मागणी आजूबाजूच्या सगळ्यांना गुन्हा वाटते. 'कॅच-22'चा हिरो योसेरियन असाच. हॉस्पिटलात पडून सैनिकांची पत्रं सेन्सॉर करायचं काम मिळतं तर एक दिवस सगळी विशेषणं उडवतो, आणि सही करतो वॉशिंग्टन आयर्विंग म्हणून, म्हणजे एका जुन्या अमेरिकन लेखकाच्या नावाने. बंड म्हणजे एवढंच, पण चौकशीला माणूस येतो! दुसरा रस्ता चेक लेखक हाशेकच्या कादंबरीतल्या श्वेइक या शिपायाचा, पहिल्या महायुद्धातला, सैन्यानेच वेडा ठरवून घरी पाठवलेला आणि परत बोलावलेला. तो नाही म्हणतच नाही, प्रत्येक हुकूम इतक्या मनापासून पाळतो की हुकूम देणाराच रडकुंडीला येतो. दोन्हीपैकी एक धरा, एकाच माणसात दोन्ही कोंबलं की तो नुसता आगाऊ वाटतो. मला विचाराल तर एकांकिकेला श्वेइकवाला सोपा, कारण नट चेहऱ्यावर खेळू शकतो.

एक मरण मात्र खरं हवं. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीच्या 60 मोहिमा करून आला होता, म्हणून कादंबरीत योसेरियनच्या विमानातल्या जखमी स्नोडनपाशी पोचल्यावर विनोद थांबतो. तुमच्याकडे तो अनुभव नाही, तेव्हा हा प्रसंग छोटा ठेवा, म्युझिक नको.

शेवटी हिरोला पदक देऊ नका, शहीदही करू नका, पळून जाऊ दे. आणि हो, तालमीआधी हुद्दे तपासून घ्या, खडकी-वानवडीत निवृत्त सुभेदार ढीगभर सापडतील, नाहीतर पहिल्या रांगेतला कुणीतरी नाटक सोडून खांद्यावरच्या पट्ट्या मोजत बसतो.