जुना संगणक वेगवान करायचा असेल, तर आधी काय बदलावे?

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला घरचा संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेऊ लागला, की दोन सल्ले हमखास मिळतात: रॅम वाढवा, नाहीतर नवीनच घ्या. दोन्ही सल्ले काही वेळा योग्य असतात. पण आपल्या संगणकाला त्यांतला कोणता लागू पडतो, हे घरबसल्या तपासता येते. ते तपासल्याशिवाय जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये खरेदीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी मोजमापाची. रोज जे काम करता तेच सुरू करा: ब्राउझरचे सात-आठ टॅब, हिशेबाची एक्सेल फाइल, मुलांचा ऑनलाइन वर्ग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) व डिस्क यांचे आकडे काही मिनिटे पाहत राहा. यांपैकी मेमरीचा आकडा आधी पाहावा. रॅम भरली, की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि मग डिस्कही शंभर टक्क्यांवर जाते. अशा वेळी दोष डिस्कचा दिसत असला, तरी मूळ तुटवडा रॅमचा असतो. मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर असूनही डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसत असेल आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन मेगाबाइटच असेल, तर हार्डडिस्कच अडसर आहे असे समजावे.

संगणक सकाळी बरा चालतो आणि दुपारी रेंगाळतो, असे होत असेल तर सुटे भाग घेण्याआधी उष्णतेचा विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उडणारी धूळ पंख्याच्या पात्यांवर व हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटींत घट्ट बसते. आतले तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले, की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. संगणक बंद करून वायर काढावी, कॅबिनेट उघडावे आणि ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरल्यास तो बिघडू शकतो. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळून गेली असेल, तर जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी. एवढ्याने भागले, तर खर्च नाममात्र होतो.

यानंतरही संगणक संथच असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, घालावा. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणाऱ्या टोकाला नव्या जागी सरकावे लागते, त्यात दहा मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ जातो. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होते. घेताना मात्र मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, पाहावा. जुन्या बोर्डावर डिस्कसाठी बहुधा साटा नावाची जोडणीच असते, तिची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट आहे, आणि तिला अडीच इंची साटा एसएसडी लागते. एनव्हीएमई ही साटाहून वेगळ्या जोडणीची एसएसडी कितीही वेगवान असली, तरी तिच्यासाठी बोर्डावर योग्य स्लॉट नसेल तर ती घेऊन उपयोग नाही. एम.२ हा पट्टीसारख्या एसएसडीचा स्लॉट दिसला, तरी काही बोर्डांवर तो फक्त साटाच चालवतो, हेही मॉडेल क्रमांकावरून तपासून घ्यावे. काम करण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी. डेस्कटॉपमध्ये जुनी हार्डडिस्क साठवणीसाठी तशीच ठेवता येते. मात्र क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम तिच्या प्रकृतीविषयी पिवळा इशारा देत असेल, तर तिच्यावर विसंबू नये.

रॅमचा क्रम दुसरा. चार जीबीवर आजचे ब्राउझर तग धरत नाहीत. आठ जीबी केल्यावर फरक स्पष्ट जाणवतो, पण आठवरून सोळा करणे मेमरी खरोखरच भरत असेल तरच योग्य. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच लागते. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन जाणे उत्तम. विंडोज ३२ बिटची असेल, तर साधारण चार जीबीपलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची घालावी लागते.

प्रोसेसर बदलण्याच्या फंदात शक्यतो पडू नये, कारण त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसणारा त्याहून चांगला प्रोसेसर बहुधा वापरलेलाच मिळतो. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग गेम व व्हिडिओ संपादनापुरता आहे, आणि त्यासाठी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबाही, बदलावा लागू शकतो.

खर्च कुठे थांबवावा, हे ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १०चा कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व, इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला संगणक त्यात बसत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली एसएसडी व आठ जीबी रॅमवर चांगली चालते; पण एखादे काम विंडोजशिवाय होणारच नसेल, तर फक्त एसएसडी घेऊन थांबावे. साटा एसएसडी पुढे नव्या डेस्कटॉपमध्येही बसवता येते, डीडीआर३ रॅम मात्र तिथे चालत नाही.