इंट आणि अनसाइन्ड एकत्र करताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्राम मी सी++मध्ये लिहिला होता. शिल्लक ‘अनसाइन्ड इंट’, म्हणजे उणे आकडा न ठेवणारा पूर्णांक, ऑर्डर साधी ‘इंट’, म्हणजे उणे आकडाही ठेवणारा (साइन्ड). अट अशी, की शिल्लक वजा ऑर्डर शून्याखाली गेली तर थांबायचं. शिल्लक ४० गठ्ठे, ऑर्डर आली ४५ची, आणि प्रोग्राम थांबलाच नाही. गाडी भरताना पाच गठ्ठे कमी पडले तेव्हा कळलं. दोन रात्री मी डेटाबेस धुंडाळत बसलो, कारण ती ओळ वाचायला अगदी बरोबर दिसते.

सी आणि सी++मध्ये हे दोन टाइप एकत्र आले, की इंटचाच अनसाइन्ड होतो. उत्तर उणे ५ येत नाही, ३२ बिटांत ४२९४९६७२९१ येतं. ते शून्याखाली कसं जाणार?

तेव्हापासून मी मोजदाद साइन्डमध्येच ठेवतो आणि वजाबाकी न करता सरळ विचारतो, ऑर्डर शिल्लकेपेक्षा जास्त आहे का? ‘संख्या उणे होणारच नाही, म्हणून अनसाइन्ड’ हे मला पटत नाही. वजाबाकी आली की होतेच. जीसीसी या कंपाइलरला जादा वॉर्निंगचा ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ पर्याय द्या, अशी अट कायम खोटी आहे हे तो सांगतो. पोरं वॉर्निंग न वाचता पुढे जातात, याचा मला मनापासून राग येतो.

अनसाइन्ड काउंटर घेऊन ‘शून्य किंवा जास्त असेपर्यंत’ असा उलटा लूप चालवू नका, तो संपत नाही.

जावामध्ये उत्तर ‘लाँग’मध्ये, म्हणजे इंटपेक्षा मोठ्या पूर्णांकात, ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. ५०,००० चादरी गुणिले ५०,००० पैसे हा गुणाकार आधी इंटमध्ये होतो आणि लाँगमध्ये उणे १,७९,४९,६७,२९६ जाऊन बसतं. गुणण्याआधी एक संख्या लाँग करा. पैसे मी पहिल्यापासून लाँगमध्येच ठेवतो, दुकान कितीही छोटं असो.

पायथॉनचा इंट हवा तेवढा वाढतो, पण नमपाय या त्याच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा नाही, तिथे आकड्याला ठरलेलीच जागा असते.

गो आणि रस्ट वेगळे टाइप मिसळूच देत नाहीत, कंपाइलर अडवतो. नवशिका वैतागून रस्टमध्ये टाइप बदलणारा ‘ॲज’ लावून मोकळा होतो. ३०० असलेला व्हेरिएबल ‘यू८’मध्ये (यात फक्त ० ते २५५ मावतात) असा कोंबला की गुपचूप ४४ होतो. तिथे ‘ट्राय फ्रॉम’ वापरा. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, पण आकडा मावला नाही तर एरर हातात येईल.