चकमकीतल्या मृत्यूचं सत्यशोधन : वेळेची वही

मी वकील आहे. पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला की नातेवाईक ज्या सत्यशोधन समित्यांना हाक मारतात, त्यांत काम करते. या कामात नव्याने येणारे कार्यकर्ते, पत्रकार, कायद्याचे विद्यार्थी पहिल्यांदा हेच विचारतात, की चकमक खोटी होती हे सिद्ध कसं करायचं? हे डोक्यात धरून घराबाहेर पडू नका. त्या माणसाचे शेवटचे तास कागदावर मांडणं, हे आपलं काम. चकमक खरी होती असं निघालं, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहायचं.

त्यासाठी एक वही घ्या. वेळ, काय घडलं, कशावरून, आणि त्याच्या उलट काय सांगितलं जातंय, असे चार रकाने पाडा. साक्षीदाराचा शब्द, रुग्णालयाची नोंद, टोलनाक्याची पावती, मोबाइलवरचा शेवटचा मेसेज, सगळं याच वहीत वेळेच्या क्रमाने बसवायचं.

वेळेला एवढं महत्त्व का, हे मुंबईच्या रामनारायण गुप्ता प्रकरणात दिसतं. 11 नोव्हेंबर 2006 ला त्यांना नवी मुंबईतून उचललं गेलं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. मधल्या तासांत त्यांच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. माणूस पोलिसांच्या ताब्यात आहे, हे मरणाआधीच कागदावर चढलं होतं, आणि त्या कागदांवर वेळ होती. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरवलं. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने काही जणांना सोडलं, पण बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली. म्हणून कुणाला उचलल्याचा फोन आला, की आधी पोलीस अधीक्षक, आयुक्त, दंडाधिकारी आणि मानवी हक्क आयोगाला ई-मेल करा. मजकूर दोन ओळींचा असला तरी चालेल.

मृत्यू झालाच असेल, तर जे लवकर नाहीसं होतं त्याच्या मागे आधी लागा. पहिला मृतदेह. अंत्यसंस्काराआधी पुढून, मागून, तळहात, मनगटं, तळपाय यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मनगटावर दोरीचे किंवा बेडीचे वळ असतील तर ते इथेच दिसतात. शवविच्छेदनाबद्दल गंभीर शंका असेल, तर दुसऱ्या शवविच्छेदनासाठी उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागते, आणि ती अंत्यसंस्काराआधीच. घरच्यांवर त्या वेळी ‘लवकर उरका’ असा दबाव असतो. त्यांना निर्णय समजावून सांगा, त्यांच्या वतीने घेऊ नका.

कपडे घरच्यांना मिळाले असतील तर धुऊ देऊ नका. जवळून झाडलेल्या गोळीची काजळी आणि बंदुकीच्या दारूचे कण कापडावर राहतात. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून कुजतात. मग न्यायालयामार्फत तपासणीची मागणी करा.

दुसरं सीसीटीव्ही. दुकानांच्या यंत्रात जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं. मालकाला लेखी विनंती द्या आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांकडे जतनाचा अर्ज टाका. पोलीस ठाण्यातलं चित्रण 18 महिने जपावं, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना लागणारं प्रमाणपत्रही तेव्हाच घ्या.

घटनास्थळी त्याच वेळेला जा. रात्री दोनची चकमक असेल तर दुपारी जाऊन काही कळत नाही. पोलीस म्हणतात त्या जागेवरून माणूस दिसतो का, पिस्तूल दिसतं का? भिंतीवरच्या खुणांची उंची मोजा. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी सापडली तर उचलू नका. फोटो काढा आणि दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आता पोलिसांचे कागद. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. एफआयआर बहुतेकदा मेलेल्या माणसावरच असतो, खुनाच्या प्रयत्नाचा. त्यातली वेळ घ्या आणि स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, शस्त्रवाटपाची नोंद, नियंत्रण कक्षाचा कॉल आणि रुग्णालयाच्या अपघात विभागातली नोंद यांच्याशी ताडून पाहा. मरणोत्तर पंचनाम्यात ‘अनोळखी इसम’ आणि त्याआधीच्या एफआयआरमध्ये संपूर्ण नाव-पत्ता असेल, तर ओळख कधी पटली हा प्रश्न उभा राहतो. पंच कोण, तेच पंच आणखी किती पंचनाम्यांत आहेत, तेही पाहा. जखमी पोलिसाचे वैद्यकीय कागदही तेवढ्याच काळजीने वाचा. माहिती अधिकारात तपास चालू असल्याचं कारण देऊन नकार येतो. त्या माहितीने तपासाला बाधा कशी येते, हे त्यांनी सांगायला हवं. अपील करा.

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 23 सप्टेंबर 2014 चा पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल सोबत असू द्या. त्यातल्या 16 सूचना म्हणजे तुमची तपासयादी. पोलिसांना मिळालेली खबर लेखी नोंदवली का? तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे गेला का? शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी केलं का, त्याचं चित्रीकरण झालं का? शस्त्रं जमा झाली का? दंडाधिकारीय चौकशी सुरू झाली का? सूचना पाळल्या नसतील तर कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते, हेही त्याच निकालात आहे.

शवविच्छेदन अहवालावरून आपण निष्कर्ष काढायचे नाहीत. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, कडेला काजळी आहे का, हे प्रश्न फोटो आणि चित्रीकरणासह स्वतंत्र न्यायवैद्यक डॉक्टरांकडे न्या आणि उत्तर लेखी घ्या.

प्रत्येक साक्षीदाराशी वेगवेगळं बोला. ‘पोलिसांनी त्याला ओढत नेलं का?’ असं नाही, ‘तुम्ही कुठे उभे होता, पुढे काय दिसलं?’ असं विचारा. वहीत खऱ्या नावाऐवजी खूण लिहा, नावांची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि आईला तीच हकिकत पाच जणांसमोर पाच वेळा सांगायला लावू नका. एकाच व्यक्तीने, एकदाच, परवानगी घेऊन नोंदवून घ्यावं. त्या घरात आपण पाहुणे नसतो, हे सतत लक्षात असू द्या.

पोलीस अधीक्षकांनाही प्रश्नांचं पत्र द्या. उत्तर आलं तर संपूर्ण छापा, नाही आलं तर पत्राची तारीख छापा.

अहवालात ‘कागदात आढळलं’, ‘साक्षीदार सांगतात’ आणि ‘पडताळता आलं नाही’ हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. मृतावर आधीचे गुन्हे असतील तर लपवू नका, एका ओळीत लिहा. जगण्याचा हक्क देणारं संविधानाचं कलम 21 त्यालाही लागू होतं.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. रोज पाहा, आणि मुदतीत प्रतिज्ञापत्रं दाखल करा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवं. राज्य आयोगाने आधीच दखल घेतली असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही. त्यामुळे दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्याआधी कुठे जायचं, हे कुटुंबाबरोबर बसून ठरवा.