सूत्र पाठ आहे, तरी उत्तर चुकतं? मापन, सदिश आणि गतीतल्या या चुका टाळा

मापन, सदिश (ज्यांना दिशाही असते अशा राशी) आणि गती या अकरावी भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या धड्यांत गणित अवघड नसतं. तरीही दहावीला उत्तम मार्क मिळवलेली मुलं इथे अडकतात. त्यांच्या वह्या नीट पाहिल्या, तर आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते. चूक त्याआधीच झालेली असते. एकक बदललेलं नसतं, कोणती दिशा धन ते ठरवलेलं नसतं, कोन कशापासून मोजलाय ते पाहिलेलं नसतं. म्हणून ‘अजून गणितं सोडव’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. त्याच सवयीनं ढीगभर गणितं सोडवली की ती सवयच पक्की होते. आपली चूक कोणत्या जातीची आहे, ते आधी ओळखायला हवं.

उत्तराला उत्तरानं भागून पाहा

उत्तर चुकलं की लगेच खोडू नका. आपल्या उत्तराला पुस्तकातल्या उत्तरानं भागा. येणारा आकडा पुष्कळदा चूक कुठे आहे ते सरळ सांगतो.

समजा, ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ताशी ७२ किमी वेगानं ऐरोलीत शिरतेय आणि ब्रेक लागल्यापासून २०० मीटरमध्ये थांबते. त्वरण किती? वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे सगळ्यांना येतं. पण ७२ तसेच ठेवले, तर ५१८४ भागिले ४००, म्हणजे १२.९६ येतात. ७२ किमी/तास म्हणजे २० मी/से हे आधी केलं, तर ४०० भागिले ४००, म्हणजे १ मी/से². गाडी थांबतेय, म्हणून ते ऋण. आता १२.९६ हा ३.६ चा वर्ग आहे. भागाकार ३.६ आला, तर वेग एकदा वापरताना एकक बदलायचं राहिलं. १२.९६ आला, तर ते वर्गात राहिलं. भागाकार १० किंवा १०० असेल, तर मिलिमीटर, सेंटिमीटर, मीटर यांची गल्लत शोधा.

पुस्तकात उत्तर नसेल तरी इलाज आहे. १२.९६ मी/से² हे गुरुत्व त्वरणापेक्षाही जास्त आहे. इतका जोराचा ब्रेक लागला, तर डब्यात उभा असलेला एकही माणूस उभा राहणार नाही. रोज लोकलनं येणाऱ्या मुलांना ब्रेकचा धक्का अंगानं माहीत असतो. तो अनुभव पेपर सोडवताना जरूर वापरा.

घरी पडताळा घेताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ३० चा साइन ०.५ ऐवजी −०.९८८ आला, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये आहे. तुमचं गणित बरोबरच असेल.

एककांची चूक शाळकरी समजू नका. १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरनं आवेग पाउंड-सेकंदांत दिला होता आणि दुसऱ्यानं तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरलं होतं.

वर्गमुळाखाली ऋण संख्या आली

ही खूण दिसली की चिन्ह तपासा. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या इमारतीत ४० मीटर उंचीच्या गच्चीवरून चेंडू १० मी/से वेगानं सरळ वर फेकला, असं गणित घेऊ. (फक्त कागदावर. गच्चीवरून काहीही फेकू नका.) गुरुत्व त्वरण १० धरा. चेंडू जमिनीवर किती वेळानं पडेल?

वरची दिशा धन धरली, तर सुरुवातीचा वेग +१०, त्वरण −१० आणि विस्थापन −४०, कारण शेवट सुरुवातीच्या ४० मीटर खाली आहे. बरीच मुलं विस्थापन +४० लिहितात, कारण प्रश्नात ‘४० मीटर’ छापलेलं असतं. मग वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि मुलं घाबरून सूत्र बदलतात. सूत्राचा त्यात काही दोष नसतो. १० मी/से वेगानं फेकलेला चेंडू ५ मीटरच वर जातो, तो ४० मीटर वर कधीच पोचत नाही, हेच ते समीकरण तुम्हाला सांगत असतं.

चिन्हं बरोबर घेतली की दोन उत्तरं येतात, ४ सेकंद आणि −२ सेकंद. ४ लिहा. पण −२ नुसतं खोडू नका, त्याचा अर्थ फार सुंदर आहे. हाच चेंडू जमिनीवरून ३० मी/से वेगानं वर मारला असता, तर तो २ सेकंदांनी गच्चीपाशी नेमका १० मी/से वेगानं पोचला असता. समीकरणाला चेंडू गच्चीवरून निघाला हे माहीतच नसतं.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी कागदाच्या कडेला एक बाण काढा आणि त्यावर + लिहा. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. सर्वांत उंच बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण शून्य नसतं. तिथे त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू हवेत तसाच राहिला असता.

खाडीतली बोट

सदिशांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश पाहू. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला बोटी जातात त्या ठाण्याच्या खाडीतलंच उदाहरण घेऊ, आकडे मात्र गणितापुरते. पात्र ६०० मीटर रुंद, संथ पाण्यात बोटीचा वेग ५ मी/से, प्रवाहाचा वेग ३ मी/से.

बोटीचं तोंड सरळ समोरच्या काठाकडे ठेवलं, तर पलीकडे जायला किती वेळ लागेल? मुलं ५ आणि ३ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, सुमारे ५.८३, आणि ६०० ला त्यानं भागून १०३ सेकंद लिहितात. ५.८३ हा परिणामी वेग बरोबर आहे, पण तो तिरका आहे आणि ६०० मीटर हे अंतर सरळ आहे. सरळ अंतराला सरळ घटकच लागतो. ६०० भागिले ५, म्हणजे १२० सेकंद. तेवढ्या वेळात प्रवाह बोटीला ३६० मीटर बाजूला नेतो.

नेमकं समोरच उतरायचं असेल, तर बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला वळवावं लागतं. तिच्या ५ पैकी ३ प्रवाहाशी झुंजण्यात जातात, पलीकडे जायला ४ उरतात आणि वेळ १५० सेकंद होतो. प्रश्नात ‘कमीत कमी वेळ’ आहे की ‘कमीत कमी अंतर’, हे दोनदा वाचा, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. खाडीत भरती-ओहोटीनं प्रवाहाची दिशाही उलटते. प्रवाहाला चिन्ह का द्यायचं, ते यातून नीट कळतं.

‘आडवा घटक म्हणजे कोसाइन’ असं पाठ करू नका. कोन आडव्या अक्षापासून मोजला असेल तरच ते खरं. उभ्या रेषेपासून किंवा उत्तर दिशेपासून मोजला, तर साइन-कोसाइनची अदलाबदल होते. शंका आली की कोन शून्य करून पाहा. सदिश ज्या रेषेवर झोपतो, तिच्यावरचा घटक कोसाइनचा.

छोट्या, पण मार्क खाणाऱ्या

जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्यानं येताना ट्रॅफिकमुळे ताशी ३०, तर सरासरी चाल ४५ नाही, ४० आहे. २० किमीचा रस्ता धरा. २० मिनिटं जायला, ४० मिनिटं यायला, तासाभरात ४० किमी. सरासरी वेग मात्र शून्य, कारण तुम्ही निघालात तिथेच परत आलात.

पारसिकचा बोगदा सुमारे १.३ किमी लांब आहे. ३०० मीटर लांबीची गाडी २० मी/से वेगानं तो पूर्ण ओलांडायला ६५ सेकंद घेत नाही, ८० घेते. शेवटचा डबाही बाहेर यायला हवा.

वेग-काल आलेखात रेषा खाली उतरली म्हणजे गाडी मागे फिरली असं नाही. रेषा काळाचा अक्ष ओलांडून खाली जाईपर्यंत गाडी पुढेच चाललेली असते.

प्रयोगशाळेत

व्हर्निअर (जबड्यांत वस्तू धरून बारीक मापं घेण्याचं उपकरण) वापरताना ऋण शून्य त्रुटी जवळपास प्रत्येक बॅचमध्ये चुकते. व्हर्निअरवर दहा भाग आहेत आणि लघुतम माप ०.०१ सेमी आहे असं धरू. जबडे मिटल्यावर व्हर्निअरचा शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे असेल आणि सातवी रेघ जुळत असेल, तर त्रुटी −०.०७ सेमी नसते. दहातून सात वजा करा, म्हणजे −०.०३ सेमी. ही त्रुटी वाचनातून वजा करायची असते, म्हणून २.३४ चे २.३७ होतात.

लंबकावरून गुरुत्व त्वरण काढताना ते ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येत असेल, तर तुमची मोजणी तपासा. गोळा सोडताना ‘एक’ म्हटलं, तर वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच होतात. दोलनकाल ५ टक्के कमी भरतो, आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे उत्तर १० टक्क्यांहून जास्त फुगतं. सुरुवात ‘शून्य’ म्हणून करा. उलट उत्तर टक्काभर कमी येत असेल, तर दोऱ्याची लांबी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजलेली असते. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत हवी.