टीएलआर-४ आणि दाह: प्रयोगातल्या या चुका टाळा

वनस्पतीचा अर्क घातला, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशी पेटल्या, टीएनएफ (दाह वाढवणारं प्रोटीन) वाढला. म्हणजे अर्कातला घटक टीएलआर-४ या रिसेप्टरला जाऊन बसतो. हा निष्कर्ष फार घाईचा आहे, आणि दाहावरच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

टीएलआर-४ हा पेशीच्या पडद्यात रुतलेला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा इशारा टिपणारं प्रोटीन. ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाह्य आवरणातलं एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिन, ओळखणं हे त्याचं मुख्य काम. सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या अतिरेकी, जीवघेण्या प्रतिसादात) दाहाचा भडका उडतो तो बऱ्याचदा इथूनच. पण एलपीएस सगळीकडे असतं: पाण्यात, काचेच्या भांड्यात, वनस्पतीच्या पानावर, ई. कोलायमध्ये तयार केलेल्या प्रत्येक प्रोटीनमध्ये. माणसाच्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या दहाव्या भागाहून कमी एलपीएसलाही दाद देतात. त्यामुळे पेशी नक्की कशाला दाद देताहेत, हे आधी ठरवायला हवं.

मानवी एचएसपी-६० आणि एचएसपी-७० ही पेशीवर ताण आल्यावर वाढणारी प्रोटीनं टीएलआर-४ चालू करतात असं या शतकाच्या सुरुवातीला ठामपणे मानलं जात होतं. ती ई. कोलायमध्ये बनवलेली होती. एंडोटॉक्सिन नीट काढून टाकल्यावर तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

एंडोटॉक्सिन कसं धरायचं

ऑटोक्लेव्हवर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका. १२१ अंशांना जीवाणू मरतात, पण त्यांचं एलपीएस बऱ्यापैकी तसंच राहतं. काचसामानाला २५० अंशांची कोरडी उष्णता किमान ३० मिनिटं द्या.

नमुना प्रोटीन असेल तर तो १०० अंशांना ३० मिनिटं उकळून पुन्हा घाला. उकळल्यावर प्रोटीन मोडतं, एलपीएस बहुतेक टिकतं; म्हणून परिणाम टिकला तर संशय एलपीएसवर. इथे एक बारकावा सुटतो: अगदी कमी प्रमाणातलं एलपीएस उकळल्यावर थोडं कमजोर होऊ शकतं. म्हणून तितक्याच एलपीएसची नळी शेजारी ठेवून तीही उकळा. दुसऱ्या विहिरीत (पेशींच्या प्लेटमधल्या खळग्यात) नमुन्यासोबत १० मायक्रोग्रॅम/मिली पॉलिमिक्सिन-बी घाला. ते एलपीएसच्या लिपिड-ए या विषारी भागाला बांधून ठेवतं, मात्र एलपीएस जास्त असेल तर पुरं पडत नाही. दोन्ही चाचण्या एकत्रच वाचा.

एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी जरूर करा. १ एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे ई. कोलायचं साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. अर्कात बीटा-ग्लुकॅन (साखरेच्या रेणूंची एक साखळी) असेल तर साधी एलएएल चाचणी खोटा होकार देते. अशा वेळी ग्लुकॅन अडवणारं बफर किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी ही ग्लुकॅनला न फसणारी चाचणी वापरा.

गुळवेल, हळद, अश्वगंधा यांच्या अर्कांवर आपल्याकडे खूप काम होतं. तिथे उलट दिशेची चूकही दिसते: टीएनएफ कमी झाला म्हणून अर्क दाहशामक ठरवला जातो, प्रत्यक्षात पेशीच मेलेल्या असतात. एमटीटीने (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने) खात्री केली म्हणावं, तर अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचा रंग बदलतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. अर्क धुऊन काढल्यावरच एमटीटी घाला, किंवा मेलेल्या पेशींतून बाहेर गळणारं एलडीएच हे एन्झाइम मोजा. पेशींशिवाय नुसत्या अर्काची एक विहीर ठेवायला विसरू नका.

पेशीवर रिसेप्टर आहे तरी का?

एचईके-२९३ या मुळात टीएलआर-४ नसलेल्या मानवी पेशींमध्ये टीएलआर-४ एकटा घालून एलपीएस दिलं तर काही घडत नाही. त्याला एमडी-२ या प्रोटीनची जोड लागते, आणि कमी मात्रेला सीडी-१४ या प्रोटीनचीही. माध्यमात सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसेल तर एलपीएस उचलून देणारं एलबीपी हे प्रोटीन मिळत नाही, मग मात्रा कितीतरी वाढवावी लागते. सीरम असलेल्या माध्यमात मॅक्रोफेजना १० ते १०० नॅनोग्रॅम/मिली पुरे. स्वस्तातल्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीनची भेसळ असते आणि ती टीएलआर-२ हा वेगळाच रिसेप्टर चालू करते. अतिशुद्ध प्रतच घ्या. विरळ द्रावण प्लास्टिकला चिकटतं, तेव्हा वापरण्याआधी व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा).

उंदरांमध्ये सी३एच/एचईजे ही जात तुलनेसाठी उत्तम कंट्रोल आहे. त्यांच्या टीएलआर-४ मध्ये ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आहे, म्हणून ते एलपीएसला दाद देत नाहीत. १९९८ मध्ये हा दोष सापडला आणि त्याच वाटेवरच्या कामासाठी प्रतिकारशास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर २०११ च्या नोबेलचे मानकरी झाले.

फ्लो सायटोमेट्रीतली गल्लत

फ्लो सायटोमेट्रीत पेशीवरचा रिसेप्टर चमकत्या अँटिबॉडीने मोजतात. पण चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या की पृष्ठभागावरची प्रोटीनं छाटली जातात. थंड पीबीएसमध्ये २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए घालून बर्फावर १०-१५ मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने सुट्या करा. अँटिबॉडीआधी एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारा), आणि मेलेल्या पेशी ओळखणारा रंग हवाच. मेलेली पेशी काहीही धरून ठेवते.

एलपीएस दिल्यावर अर्ध्या-एक तासात पृष्ठभागावरचा सिग्नल घटतो. याचा अर्थ रिसेप्टर बनणं थांबलं असा नाही. तो सीडी-१४ सोबत आत खेचला गेला. शिवाय एमटीएस-५१० हा अँटिबॉडीचा क्लोन फक्त एलपीएस न बसलेला टीएलआर-४/एमडी-२ ओळखतो, त्यामुळे घट आणखी मोठी दिसते. पृष्ठभागावरचा एकूण रिसेप्टर मोजायचा तर एसए१५-२१ हा क्लोन घ्या.

वेळही तपासा. टीएनएफ ४ ते ६ तासांत मोजा, आयएल-६ हे दाहाचं दुसरं प्रोटीन १६ ते २४ तासांत. आयएल-१ बीटा माध्यमात दिसत नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका: एलपीएसने फक्त त्याचं कच्चं रूप आत तयार होतं. ते पक्कं होऊन बाहेर यायला दुसरा इशारा लागतो, उदाहरणार्थ ५ मिलिमोलर एटीपी, शेवटची ३० मिनिटं.

उंदरावरून माणसाकडे उडी

लिपिड-IVए (लिपिड-ए चं अपुरं रूप) उंदराचा टीएलआर-४ चालू करतं, माणसाचा मात्र अडवतं. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध उंदराचा चालू करतं, माणसाचा नाही. एरिटोरान हे औषध तर माणसाच्याही टीएलआर-४/एमडी-२ ला अडवतं, तरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर सेप्सिसच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. रुग्ण दाखल होईपर्यंत रिसेप्टरचा पहिला इशारा बहुधा केव्हाच पुढे गेलेला असतो. म्हणून उंदराच्या आरएडब्ल्यू (मॅक्रोफेज) पेशींवर मिळालेला निकाल मानवी मोनोसाइटवर १ आणि १० नॅनोग्रॅम/मिली एलपीएससह पुन्हा तपासा, आणि अर्क एलपीएसच्या आधीच नव्हे, तर २ तासांनंतर घालूनही पाहा.