आत्याने ९० चे १० वाचले

टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची निवड आणि मांडणी, शिकायला लागलं की तिकीट, बिल, औषधाची पट्टी, फॉर्म, हाताला येईल ते आपण पारखायला लागतो. चांगली सवय आहे, सोडू नका. फॉन्ट, अक्षराचं वजन (म्हणजे जाडी), ओळींमधलं अंतर हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहिते. मला सांगायचंय ते एकाच चुकीबद्दल, कारण ती माझ्या हातून झाली आणि तिचा सल अजून गेलेला नाही.

पहिल्याच नोकरीत रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं लेबल माझ्याकडे आलं. काळ्या पट्टीवर पांढऱ्या, सडपातळ अक्षरांत मी सूचना बसवली: ‘उघडल्यापासून ९० दिवसांत वापरा’. स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून कितीदा तरी तपासलं. वरिष्ठांनी ‘एकदम स्वच्छ’ म्हणून पाठ थोपटली. छापून आलेल्यांतली एक डबी आत्याने वापरायला घेतली आणि अकराव्या दिवशी ती निम्मी भरलेली डबी टाकून दिली. म्हणाली, ‘दहा दिवसांत वापरा असं लिहिलंय ना त्यावर.’ मी डबी हातात घेतली. मला तर सरळ ९० दिसत होतं.

काय झालं होतं? १ आणि ९ या दोघांनाही गाठ आणि शेपटी असते. ९ च्या बाजूला जे बारीक वळण असतं, त्यावर सगळा फरक. काळ्यात पांढरं छापताना भोवतालची शाई पसरते आणि पांढऱ्या रेषा आत दाबल्या जातात. माझ्या सडपातळ फॉन्टमधलं ते वळण तिथेच बुजलं. पांढऱ्यावर काळं छापताना घ-ध, भ-म यांचंही असंच होतं. शिरोरेषेतली फट जरा भरली की अक्षर बदललं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकाराने १९७८ साली एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल हा फॉन्ट केला. स्वस्त कागदावर शाई पसरणार म्हणून त्याने रेषा जिथे मिळतात तिथे खाचा ठेवल्या. परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं. पण ते ज्ञान छापलेल्या डबीपर्यंत पोचलं नाही, कारण ती सूचना मीच टाइप केली होती. आपल्याला पाठ असलेला मजकूर आपण वाचत नाही, नुसता ओळखतो. वरिष्ठांनीही मूळ मजकूर आधी पाहिलेला होता, म्हणजे त्यांचे डोळेही माझ्याइतकेच निकामी.

म्हणून सांगते, तुम्ही केलेली वस्तू वाचनीय आहे की नाही याचा निवाडा तुम्ही करूच शकत नाही. कितीही तयारीचे असलात तरी.

मग पारखायचं कसं? खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापा. मजकूर कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. ‘वाचता येतंय का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘ही कधीपर्यंत वापरायची?’ असं विचारा आणि गप्प बसून बघा. कागद उजेडाकडे नेला, लांब धरला, बोट ठेवून ओळ शोधली, की उत्तर बरोबर आलं तरी तुमचं काम अजून बाकी आहे. डबी ज्या उजेडात उघडली जाणार त्याच उजेडात हे करा.

‘१० पॉइंटच्या खाली जाऊ नका’ असले तयार नियम मला पटत नाहीत. पॉइंट हे अक्षराच्या चौकटीचं माप आहे, दिसणाऱ्या अक्षराचं नाही. एकाच पॉइंटातले दोन देवनागरी फॉन्ट शेजारी ठेवा, एक चक्क लहान दिसेल. युरोपीय संघाचा खाद्यपदार्थांच्या लेबलांचा नियम रोमन अक्षराची एक्स-उंची (लहान x ची उंची) सहसा किमान १.२ मिलिमीटर मागतो, ते जास्त प्रामाणिक. तुम्हीही पट्टी लावून मिलिमीटर मोजा. ओळीत ४५ ते ७५ अक्षरं हा आडाखाही रोमनचा. मात्रा, रफार, उकार सांभाळणाऱ्या लिपीवर तो डोळे मिटून लादू नका, ओळींत जागा जास्त सोडा. आणि वेळापत्रक कुणी वाचत नाही, त्यात शोधतात. तिथे आकडे एकाखाली एक आले का एवढं आधी बघा.

गुरूंबद्दलही बोलते. नुसतं ‘छान’ म्हणणाऱ्यापेक्षा छपाईयंत्रावरचा माणूस मला जास्त शिकवून गेला. लेबलाचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, बघताक्षणी तो म्हणाला होता, ‘एवढं बारीक उलटं भरेल.’ उलटं म्हणजे काळ्यात पांढरं. मी तेव्हा मान डोलावली आणि पुढे गेले. तुम्ही थांबा, त्याला काय भरेल ते दाखवायला सांगा.

सुरुवातीला हे सगळं ऐकून धास्ती वाटेल. वाटू द्या, पण हात आखडू नका. चूक दिसली की दुरुस्ती बहुतेक वेळा साधीच असते. पुढच्या छपाईत मी पांढऱ्यावर काळी, जाड अक्षरं घेतली आणि आकड्यापुढे शब्दांतही लिहिलं: ‘९० दिवस (नव्वद)’. नवी डबी आत्याला दिली तेव्हा काहीच सांगितलं नाही. चष्मा न शोधताच ती म्हणाली, ‘हां, म्हणजे तीन महिने.’