वाक्-भाषा विकारशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी : कोल्हापूर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी

बीएएसएलपी ही वाचा आणि श्रवण या दोन्ही शाखांची चार वर्षांची पदवी आहे. तिच्यात तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. पुढे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत, म्हणजे बोली भाषेत ज्याला आपण सरसकट स्पीच थेरपी म्हणतो त्या विषयात, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे की नाही, हा विचार कोल्हापूर, सांगली, निपाणी भागातील बहुतेक विद्यार्थी इंटर्नशिपच्या वर्षात करू लागतात. भारतातील प्रवेशासाठी तेवढा वेळ कसाबसा पुरतो, परंतु अमेरिकेचा विचार असेल तर तो उशीर ठरतो. याचे कारण असे की भारतातील नामवंत संस्थांमध्ये निवड प्रामुख्याने प्रवेश परीक्षेवर होते, तर अमेरिकेत ती अर्जाच्या संपूर्ण संचावर होते, आणि तो संच शेवटच्या दोन महिन्यांत उभा राहत नाही.

कोणत्याही मार्गाने जायचे असले तरी पहिले काम मान्यता तपासण्याचे आहे. भारतात या व्यवसायाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, १९९२ च्या कायद्यान्वये आहे, आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय येथे व्यवसाय करता येत नाही. परिषद मान्यता देते ती संस्थेला सरसकट नव्हे, तर विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाची बीएएसएलपी मान्यताप्राप्त आहे एवढ्यावरून तेथील एमएस्सीही मान्य असेलच असे समजू नये. आपण ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार, त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. अमेरिकेत हीच भूमिका ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या व्यावसायिक संघटनेशी संलग्न असलेली सीएए ही अधिस्वीकृती परिषद बजावते. तिची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी घेऊन ‘आशा’चे प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग जवळपास बंद होतो, मग विद्यापीठाचे नाव कितीही मोठे असो.

भारतातील मार्ग तुलनेने सरळ आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) ही दोन नावे प्रत्येकाच्या यादीत असतात. त्यांच्याबरोबर मुंबईचे नायर रुग्णालयाशी जोडलेले टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचे भारती विद्यापीठ आणि मंगळूर-मणिपाल पट्ट्यातील संस्था यांचाही विचार करावा. प्रवेश परीक्षा पदवीच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या असतात. आपल्याला वाचेकडे जायचे आहे म्हणून श्रवणशास्त्राची पुस्तके बाजूला ठेवणारे विद्यार्थी इथे मार खातात, कारण श्रवणमापनावरचा प्रश्न सोडून दिल्याने गेलेला गुण वाचाघातावरच्या प्रश्नाने भरून निघत नाही. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली असली पाहिजे, हेही प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात वेगळे असू शकते. ती तारीख परीक्षेच्या तारखेआधी वाचावी.

प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी निस्तरावी. केंद्रीय संस्थांना ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, आणि राज्याच्या यादीतील जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. राज्याच्या एसईबीसी प्रवर्गाला केंद्रीय संस्थांत स्थान नाही. नॉन-क्रीमिलेअर आणि ईडब्ल्यूएस या दाखल्यांची मुदतही आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. तहसील कार्यालयात योग्य नमुन्यातील दाखला मागितला नाही तर हाती राज्याचा नमुना पडतो, आणि चूक लक्षात येते ती प्रवेशाच्या समुपदेशनाच्या दिवशी, जेव्हा कोल्हापूर शेकडो किलोमीटर मागे राहिलेले असते.

अमेरिकेच्या मार्गासाठी वर्षाचे गणित उलटे मांडावे. वर्ग साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, आणि अर्जांची मुदत त्याआधीच्या डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. बहुतेक विद्यापीठे सीएसडीकॅस या सामायिक ऑनलाइन यंत्रणेतून अर्ज घेतात, आणि ती पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, नव्या वर्षासाठी खुली होते. म्हणजे गुणपत्रके, ट्रान्सक्रिप्ट आणि इंग्रजीची परीक्षा ही कामे त्याआधीच्या उन्हाळ्यातच मार्गी लागली पाहिजेत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडूनच घ्यावे लागते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांचा त्यासाठीचा व्यवहार नाशिकशी असतो, महाविद्यालयाच्या कार्यालयाशी नव्हे, आणि तेथून ते वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यमापन संस्थेकडे पोहोचून विषयवार अहवाल तयार होईपर्यंत आठवड्यांमागून आठवडे जातात. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि कधीकधी आईचेही, अशी रचना असते. पासपोर्टवर ती वेगळी असते. हा फरक आणि इंग्रजी स्पेलिंगमधली एखाद्या अक्षराची तफावत अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

टोफेल किंवा आयईएलटीएस यांचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. या विषयात उमेदवाराला रुग्णांशी बोलायचे असल्याने काही विद्यापीठे संभाषणाच्या भागासाठी वेगळी, वरची पातळी मागतात. एकूण गुण पुरेसे असूनही त्या एका भागात कमी पडणे परवडत नाही. जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामान्य अभिक्षमता परीक्षा, अनेक विभागांनी काढून टाकली आहे. आपल्या यादीतील एकाही ठिकाणी ती सक्तीची नसेल, तर तो वेळ आणि ते पैसे इतरत्र लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आशा’च्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, संख्याशास्त्र, रसायन किंवा भौतिकशास्त्र, आणि मानसशास्त्र-समाजशास्त्रासारखे सामाजिक विज्ञान, अशा चार क्षेत्रांतील महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास लागतो. बीएएसएलपीत मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र येऊन जाते. रसायन-भौतिकीचा प्रश्न उरतो, कारण बारावीचे गुण तेथे सहसा महाविद्यालयीन धरले जात नाहीत. कोणता विषय कशात मोजायचा हे विभाग ठरवतो, म्हणून अभ्यासक्रमाची प्रत जोडून ई-मेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. ज्यांची पदवी वेगळी आहे, उदाहरणार्थ शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्राशी संबंधित विषय घेतलेले विद्यार्थी, त्यांना भारतात या विषयाची एमएस्सी बीएएसएलपीशिवाय करता येत नाही. अमेरिकेत मात्र ध्वनिविज्ञान, वाचायंत्रणेची शरीररचना, भाषाविकास असे पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करून अर्ज करता येतो. असा मार्ग घेणाऱ्याने, परत येऊन भारतात काम करायचे झाल्यास नोंदणी कशी होईल, हे पुनर्वास परिषदेला निघण्यापूर्वीच लेखी विचारावे.

क्लिनिकच्या तासांविषयी बराच गैरसमज असतो. ‘आशा’च्या प्रमाणपत्रासाठी ४०० तास लागतात. त्यांपैकी २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि किमान ३२५ तास पदव्युत्तर शिक्षण घेतानाच पूर्ण करावे लागतात. शिवाय देखरेख करणारी व्यक्ती ‘आशा’ची प्रमाणपत्रधारक असावी लागते. त्यामुळे येथील इंटर्नशिपचे शेकडो तास तेथे वजा होतील, ही अपेक्षा ठेवू नये. तरीही त्या तासांचे मोल कमी होत नाही. तेथील पदवीधर अर्जदारांपैकी अनेकांनी तोवर केवळ निरीक्षण केलेले असते, आणि आपला विद्यार्थी स्वतः मूल्यमापन आणि उपचार करून आलेला असतो. हा फरक अर्जात दिसायचा तर नोंदी हव्यात. प्रत्येक केससाठी वयोगट, घरातील भाषा, अडचण, वापरलेली चाचणी, ठरवलेले उद्दिष्ट आणि काही आठवड्यांनी दिसलेला बदल, एवढे चार ओळींत त्याच दिवशी लिहावे. नाव आणि गाव मात्र लिहू नये. आपल्या भागात गाव आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

निवेदनपत्र, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, याच नोंदींवर उभे राहते. या पत्राचा सर्वांत सामान्य दोष असा की ते कोणीही लिहिलेले असू शकते. ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करण्याची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने शेकडो वेळा वाचलेले असते, आणि त्यातून उमेदवाराला विषय कितपत कळला आहे याचा पत्ता लागत नाही. त्याउलट एकच नेमकी केस घ्यावी. समजा, पाच वर्षांचा मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणतो. शहरी कानाला दोन्ही चुका वाटतात. परंतु त्याची आई, आजी आणि शेजारी सगळेच ‘पानी’ म्हणत असतील, तर ती त्या घरची बोली आहे आणि तिच्यावर उपचार करणे ही थेरपिस्टची चूक ठरेल. ‘क’च्या जागी ‘त’ येणे हे मात्र घरात कोणीच करत नाही, आणि त्या वयात ते मागे पडलेले असणे अपेक्षित असते. उपचाराचे उद्दिष्ट तेथे ठरते. बोलीतला फरक आणि वाचेचा विकार यांतला भेद हा या विषयाचा गाभा आहे, आणि अमेरिकेतील विभाग, जेथे स्पॅनिश बोलणारी आणि आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजी बोलणारी मुले रोज समोर येतात, त्याकडे अत्यंत बारकाईने पाहतात. असा एक परिच्छेद, त्यात आपण काय तपासले, कोणाला विचारले आणि निर्णय कसा घेतला एवढे आले, तर विशेषणांची गरज उरत नाही.

आपल्या भागात अशा केसची वाण नाही. सीमाभागातील अनेक घरांत आई कानडी बोलते, गल्लीत मराठी असते आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असते. अशा मुलाचे भाषामूल्यमापन कोणत्या भाषेत करायचे, हा खरा क्लिनिकल प्रश्न आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबांत आणखी वेगळ्या भाषांची गुंतागुंत भेटते. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उच्चार आणि गिळणे या दोन्हींवर काम करावे लागणारे रुग्णही येथे दुर्मीळ नाहीत. इंटर्नशिप मोठ्या शहरात असली तरी सुट्टीत गावी आल्यावर पर्यवेक्षकाच्या परवानगीने अशा ठिकाणी निरीक्षण करता येते. पत्रात या बहुभाषिकतेचा उल्लेख अभिमानाने नव्हे, तर कामाच्या तपशिलाने यावा.

शिफारसपत्रे सहसा तीन लागतात. ती देणाऱ्यांपैकी किमान एक व्यक्ती अशी असावी जिने तुम्हाला रुग्णाबरोबर काम करताना पाहिले आहे. प्राचार्यांचे किंवा नामांकित डॉक्टरांचे पत्र मोठ्या हुद्द्याचे असले तरी त्यात तुमच्याविषयी दोनच ओळी असतील तर त्याचा उपयोग नाही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची प्रथा येथे घातक आहे. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे आणि निवेदनपत्र यांची भाषा जुळते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. सरांकडे वेळ नसेल तर त्यांना आपल्या केसनोंदींचे एक पान द्यावे, मजकूर त्यांचाच असू द्यावा. पत्र संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून जावे, आणि विनंती मुदतीच्या दीड-दोन महिने आधी करावी. दिवाळीच्या सुट्टीत कोणी पत्र लिहीत नाही.

सल्लागार कार्यालये विद्यापीठांच्या तयार याद्या देतात. त्या बऱ्याचदा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या असतात आणि या विषयाला लागू पडत नाहीत, कारण येथे एका तुकडीत जागा मोजक्या असतात; क्लिनिकमधील पर्यवेक्षक जितक्यांवर देखरेख ठेवू शकतात त्यापेक्षा जास्त विद्यार्थी घेताच येत नाहीत. यादी करताना ‘आशा’च्या संकेतस्थळावरील एडफाइंड या शोधसाधनात प्रत्येक अभ्यासक्रमाला किती अर्ज आले आणि किती जणांना प्रवेश मिळाला हे पाहावे. आपल्या गुणांना साजेशी सहा-सात नावे पुरतात. खर्चाचा विचार येथेच करावा. व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सहायकवृत्ती, म्हणजे विभागात काम करून मिळणारी आर्थिक मदत, मोजक्याच असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. आणि आयोवासारखे विद्यापीठ, ज्याचा वाक्-भाषा विभाग या शास्त्राच्या जुन्या घराण्यांपैकी एक मानला जातो, एकूण क्रमवारीत बरेच खाली असते. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर जाणाऱ्याने विभागाची कीर्ती आणि विद्यापीठाची क्रमवारी दोन वेगळ्या रकान्यांत मांडावी.

प्रवेशाचे पत्र हाती आल्यावर उत्तर देण्यासाठी अनेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्या अवधीत विभागाला तीन प्रश्न विचारावेत: रुग्णालयातील आणि शाळेतील प्रशिक्षणाच्या जागा विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायच्या, परदेशी विद्यार्थ्यांना त्यांत काही अडथळा येतो का, आणि पदवीनंतर क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे प्रमाणपत्रासाठी देखरेखीखाली करायचे काम, मिळवताना विभाग कितपत मदत करतो. ही फेलोशिप किमान ३६ आठवडे आणि १,२६० तासांची असते, आणि विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीत ती बसवावी लागते. प्रॅक्सिस ही प्रमाणपत्रासाठीची परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना यांना उशीर झाला तर हे महिने वाया जातात. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने, ज्या राज्यात फेलोशिप करायची त्याच्या परवाना मंडळाची वेळापत्रके प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच पाहून ठेवावीत.